पाण्याचं माप, लोण्याचं माप

ताक घुसळताना आई म्हणायची, "लोणी वर तरंगतं बाई, त्याला पाण्याच्या मापानं मोजू नगंस." ती ओळ मला परवा तासगावात आठवली. नानकटाईचं घरचं सामान घेऊन आलेल्यांची बेकरीच्या भट्टीपुढं रांग होती. माझ्यापुढं सासू-सून, काट्याशी भट्टीवाला दिलावर.

"दिलावर, अर्धा किलो लोणी हाय. अडीच वाट्या."

"काकी, काटा साडेचारशे ग्रॅमच दावतोय."

"आरं, ह्या वाटीत दोनशे ग्रॅम पाणी मावतं. सोता तोललंय मी."

"पाणी मावतं. लोणी हलकं, एकशेऐंशीच बसतं."

"आत्याबाई, मागल्या साली बी मी ह्याच वाटीनं अडीच घातल्या. नानकटाया भाकरीगत पसरल्या, तवा सुनंनं लोणी जास्त घातलं म्हणून गावभर केलं तुमी."

"गावभर कुठं? आपल्या आळीतच. माझ्या लेकानं, वीरधवलनं, पलटणीत चमच्यानं खाल्ला गं नानकटायांचा भुगा."

"पर ह्या मापानं तर कमीच पडतंय. मग पसरल्या कशा?"



"काकी, पन्नास ग्रॅम वाढवू का?"

"वाढव. संयोगिता, मागल्या साली तू साखर आणाया आत गेलीस नव्हं, तवा मीच लोण्याच्या आणिक दोन वाट्या ढकलल्या. पोरगं बर्फात हुतं गं."