कस्तुरीपेक्षा एक गुण जास्त

मंडळी, तुम्हाला जे हवंय, ते तुम्हाला खरंच हवंय, की दुसऱ्याला मिळतंय म्हणून हवंय?

हा प्रश्न माझा नाही हं! माझ्या मैत्रिणी त्या खांबामागे बसल्यात, त्यांचा. म्हणाल्या, भर सभामंडपात मोठ्या माणसांना विचारून दाखव, तर आम्ही भजी देऊ. विचारला! आता खाली काय बघताय सगळे? राहू दे. उत्तर हर्षाली तांबे देईल. ऐका —

खाडीकाठचं गाव. हर्षाली नववीत. वडिलांची पिठाची गिरणी, वरच्या माडीवर घर. वर्गात तिच्या पुढच्या बाकावर कस्तुरी शेट्ये. आणि हर्षालीचं लक्ष फळ्यावर कमी, कस्तुरीच्या वेणीवर जास्त! बाई कस्तुरीला ‘बाळ’ म्हणाल्या, मला नुसतं ‘तांबे’ का म्हणाल्या — ह्या विचारात पोरीचा वरणभात गार व्हायचा.

एक दिवस नाडकर्णीबाई म्हणाल्या, “प्रत्येकानं दोन ध्येयं ठरवायची. एक अभ्यासाचं, एक स्वतःचं. परिपाठाला सगळ्यांसमोर सांगायची. आणि प्रत्येकाला एक साक्षीदार मिळेल. तो दर शनिवारी विचारेल, कुठवर आलं?”

कस्तुरी उठली. “गणितात ऐंशी गुण. आणि मी पेटी वाजवायला शिकणार.”

मागोमाग हर्षाली. रात्री घोकलेलं सगळं गेलं कुठल्या कुठे! म्हणाली, “गणितात एक्क्याऐंशी. आणि पेटी.”

वर्ग हसला. पेटीवाले काका, तुम्हीही हसा. तुमच्या वाद्याला एवढी मागणी कधी आली होती?

साक्षीदारांच्या चिठ्ठ्या काढल्या. देवाला पण गंमत सुचते बघा — हर्षालीला साक्षीदार कोण? कस्तुरीच!

झालं. मामांकडची जुनी पेटी घरी आली. वडील दळण घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागले, “यंदा उत्सवात आमची पोरगी वाजवणार.” आई रोज विचारी, “कस्तुरी कुठवर आली गं?” आणि शनिवारी कस्तुरी विचारी, “हर्षाली, तुझं कुठवर आलं?” तर ही काय म्हणे?

“आधी तुझं सांग.”

कस्तुरीनं भूप राग बसल्याचं सांगितलं की हिची झोप उडालीच. कस्तुरीचं बोट अडलं की हिला रात्री छान झोप. अहो, देवापुढे हात जोडून ही मागायची काय, तर तिची बोटं सुजू देत! असं मागणं आपल्यापैकी कुणीच कधी मागितलं नसेल, नाही का?

पण हिच्या पेटीत एक खोड होती. मध्यमाची पट्टी दाबून सोडली तरी सूर कण्हत राहायचा. पेटी शिकवणारे गुरुजी म्हणाले, “दुर्लक्ष कर, पुढे वाजव.” हिला दुर्लक्ष होईना! पाठीमागचं झाकण उघडलं. आत पितळेच्या चिमुकल्या जिभा, एकीला लागून एक. त्या एका सुराच्या झडपेखाली पिठाची गुठळी अडकलेली. गिरणीवरचं घर ना! केसातली पिन काढली, हलकेच गुठळी उडवली. भाता मारला. मध्यम गप्प! जेवायला तीन हाका आल्या, एकही ऐकू आली नाही. मग काय, दर दोन दिवसांनी झाकण उघडं. आणि गंमत अशी, की झाकण उघडं असताना तिला एकदाही कस्तुरी आठवली नाही. पण हे तिच्या लक्षात कुठलं यायला!

मग एका शनिवारी कस्तुरी म्हणाली, “मी पेटी सोडली. बाईंना सांगितलं. मला पोहायला शिकायचंय, खाडी असून पाण्याला भिते मी. तुझं कुठवर आलं?”

हर्षालीला आनंद व्हायला हवा होता ना? जिंकली की! पण नाही हो. तिचा जळफळाट झाला! सोडायचं धाडससुद्धा तिनंच आधी करावं? ओठांवर आलं होतं, ‘मीपण सोडते.’ जीभ जागच्या जागी थांबली. हेही तिचंच उचलायचं?

“बोल ना,” कस्तुरी म्हणाली. “तुला काय करायचंय?”

आणि मंडळी, ‘आधी तुझं सांग’ म्हणायला आता जागाच नव्हती. कस्तुरीनं तर सांगून टाकलं होतं. हर्षालीचा हात आपोआप केसातल्या पिनेकडे गेला.

आता घरी काय झालं ते सांगते. पण आधी तुमच्याकडे वळते. परवा सहामाहीचे गुण कळले. आपल्या लेकराचा आकडा ऐकल्यावर तुमचा दुसरा प्रश्न कुठला होता? ‘वर्गात पहिलं कोण?’ हाच ना? मग लेकरं ध्येय शोधायला कुणाच्या दारात जातील? आणि खांबामागच्या मैत्रिणींनो, सुटलात असं समजू नका. शेजारणीच्या उत्तरपत्रिकेत तुम्ही कुणाची स्वप्नं शोधता गं?

तर हर्षाली गिरणीत आली. पट्टा बंद झाला, आई डबे लावत होती.

“बाबा, उत्सवात मी वाजवणार नाही.”

वडिलांचा हात कपाळाकडे गेला. “अगं, गावभर सांगितलंय मी!”

“आता दुसरं सांगा. देवळातली पेटी मुकी होऊन पडलीय, ती मी उघडणार आहे. उत्सवापर्यंत बोलती करायची, हे माझं. आणि विज्ञानातला ध्वनीचा धडा मुळापासून समजून घ्यायचा, हे अभ्यासाचं. बाईंना सोमवारी सांगतेय.”

आई डबा हातात धरून म्हणाली, “आणि ती कस्तुरी? तिला गणितात किती पडतील म्हणतात?”

“ते विचारायचं राहिलंच, आई,” हर्षाली म्हणाली. “मला एक बारीक पेचकस हवाय.”