रेघेपुरती जागा

हिदेओ: हे बघा मावशी, पुन्हा तेच. काकांच्या गाण्यातल्या अक्षरांवरच्या रेघा गायब आणि मधल्या त्या खुणांच्या जागी रिकामे चौकोन. माझ्या मशीनमध्ये हवाई भाषेचा फॉन्टच नाही.

कामाइले: हवाई बेटावर, हिलो गावात छापखाना चालवतोस ना रे? मग मशीनला शेजाऱ्यापाजाऱ्यांची भाषा ठाऊक नको?

हिदेओ: चुकलंच. पण आता खुणांशिवायच छापतो, पाच मिनिटांचं काम. उद्या चर्चमध्ये कोण बघणार आहे?

कामाइले: मी बघणार आहे. आणि आमची नात सगळ्यांकडून म्हणवून घेणार आहे ते.

हिदेओ: मग काकांनी छापून घेतलेला कागद आणा. त्याचीच झेरॉक्स मारतो.

कामाइले: तो त्याच्या खिशात घातलाय मी. आता काय, शवपेटीचं झाकण उघडायला लावू? ही फ्लॉपी तेवढी उरलीय.

हिदेओ: अरे देवा.

कामाइले: स्वतःच्या मयताचं गाणं स्वतः रचलं माझ्या नवऱ्यानं. वाचनालयात बसून, एका बोटानं टाइप केलं. एकेका रेघेसाठी बटणं शोधत बसायचा. मी म्हणायचे, इओकेपा, मरायच्या आत होईल ना? तर म्हणे, तोवर थांबायला सांगतो त्याला.

हिदेओ: (हसत) काका ते काकाच.

कामाइले: शाळेत हवाई बोलला म्हणून बाईंनी तोंडात साबण कोंबला होता. मग पोटच्या पोरांशीही इंग्रजीच बोलला. साठीनंतर हवाई शिकायला नातीच्या वर्गात जाऊन बसला. आणि आज तुझ्या मशीनला जमत नाही म्हणून मी त्याचं गाणं सोलून टाकू? नाही व्हायचं.

हिदेओ: मशीन माझं ऐकत नाही हो.

कामाइले: नाही ऐकत तर नाही. बारीक टोकाची पेनं आहेत?

हिदेओ: सगळ्या कागदांवर हातानं करणार?

कामाइले: दुपारी माळा ओवायला अख्खं घर जमतंयच. फुलं संपली की पेनं धरतील.

हिदेओ: पण कुठे काय घालायचं, ते कोण सांगणार?

कामाइले: मी. तो रोज मोठ्यानं वाचायचा, मी भांडी घासायचे. कुठे आवाज तुटतो, कुठे लांबतो, कानात बसलंय सगळं.

हिदेओ: आणि चुकलं तर?

कामाइले: चुकेल की. तोही चुकायचा. गप्प मात्र बसला नाही परत.

हिदेओ: बरं. चौकोन तरी पुसून टाकू ना?

कामाइले: पुस. त्यांची जागा मिटवू नकोस. आणि ओळींमध्येही अंतर सोड.

हिदेओ: किती?

कामाइले: त्याची रेघ मावेल इतकं.