मायच्या भिंतीले भोक

माहा जलम चोरखमाऱ्याच्या अंगचा, तलावाच्या पान्यावर धान पिकते ना, तिथला. बाप धानाच्या बांधीत, माय बी बांधीत, मी बी चिखल तुडवतच मोठी झाली. लग्न होऊन गोंदियाले आली तवा मले इतकंच ठाऊक का भिंत मातीनं पोताची असते, भोक पाडाची नसते. आनि आता काय सांगू तुमाले, अर्ध्या शहराच्या भिंतीले आमी दोघांनी भोकं पाडली.

आमचे हे एसी, गीझर, चिमनी बसवतेत. पाइप बाहेर काढाले गोल भोक लागते, त्याचा कटर येते, वाटीवानी, काठाले दात, मंधात लंबी बारीक बिट. हे आतून मशीन चालवतेत, मी बाहेर भिंतीले पंजा लावून उभी. टोक कुठं निघते ते हाताले आधी समजते. निघालं का मी थाप मारते, मंग उरलेलं बाहेरून कापाचं, नाई तर बाहेरचं प्लास्टर पोपड्यासारखं पडते. मशीनच्या आवाजात हाक कोन ऐकते, म्हनून थाप.

तर माही माय. बाप गेल्यापासून एकटीच, चुलीवर रांधते. भावानं गॅस घेऊन देल्ला, तो कोपऱ्यात झाकून ठेवला. रांधाची खोली बिनखिडकीची, सारं धुपट आत. मागच्या हिवाळ्यात असा खोकला लागला का बोलता बोलता दम तुटे, डॉक्टर म्हने धुपट काढा नाई तर फेफडे जातील. हे म्हने पंखा लावून देतो, एका भोकाचं तर काम. माय नाईच म्हने. मले वाटलं भिंतीवर जीव हाये, दर दिवाळीले पांढऱ्या छुई मातीनं पोतते ना. लगित भांडली मी, घंटाभर. मंग माय हळूच बोलली, जवायाच्या हातून घरचं काम करून घेऊ काय वो, गाव काय म्हनल. आमच्यात तसंच हाये जी, जवाई आला का पाय धुवाले पानी, खाट, जेवन. सासू त्याच्यासंग सीधी बोलत बी नाई. हे समोर बसून असतेत आनि माय मले सांगते, त्यायले विचार, भाजी पाहिजे काय.

मी म्हटलं, मंग मशीन मी चालवते, पोरीच्या हातचं चालते ना? माय उठली, भिंतीजवळची भांडी बाजूले साराले लागली. मंजे चालते.

खरं सांगते, मशीन मी कधी धरलीच नव्हती, आनि भिंत मातीची, मशीनचा हातोड्यावानी ठोका चालू राहिला तर खोली डोक्यावर. हे खाटेवरून सांगून राहिले, ठोका बंद ठेव, जोर नको देऊ, उतार बाहेरच्या अंगाले धर, पावसाचं पानी आत याले नको. मंग हे पाहुने जवाईच उठले आनि मागच्या अंगाले भर उन्हात भिंतीले पंजा लावून उभे. उभं राहनं काम नोहे म्हने. मी चालवून राहिली, तोंडात माती, डोळ्यात माती, आनि तिकडून थाप आली. इतकी वर्सं मीच देत आली, मले पयल्यांदा भेटली. रडलीच मी.

बाहेर जाऊन उरलेलं कापलं, मातीचा गोळा निघाला, आनि भोकातून मायचा डोळा दिसला. हे घामानं ओलेचिंब. तिनं भोकाले तोंड लावलं.

जवाई, उन्हात काऊन उभे? घरात या.

आता पंखा फिरते. खोकला पुरा गेला नाई, कमी हाये. चूल काही सुटली नाई तिची, सुटनार बी नाई. आमी गेलो का समोर तसाच पदर, तशीच चुप. पन रांधाले बसली का भिंतीआडून यायच्यासंग घंटा घंटा बोलते, धानाचं, तब्येतीचं, माह्या चुगल्या बी सांगते. हे खाट उचलून तिकडंच नेतेत. मंधात मी लागत नाई आता. जगो बाई माही माय, अशीच बोलत राहो.