चिंचेनं धुतलेल्या पट्ट्या

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरची गोष्ट असेल. सोलापुरात मी कॉलेजात शिपाई होतो. फिजिक्सच्या माने सरांच्या प्रयोगाच्या टेबलावर काचेच्या पट्ट्या धुरकट दिसल्या, म्हणून पितळी तांब्या घासतो तशा चिंचेनं लख्ख केल्या.

सर बघून मटकन बसले. "काका, तो झिंक ऑक्साइडचा थर होता हो, केसाहून पातळ! महिनाभर बसून चढवलेला."

"सर, माजी नोकरी गेली की!"

तेवढ्यात प्राचार्य आत आले, लख्ख पट्ट्या बघून थबकले. "पट्ट्या कुणी धुतल्या?"

"मीच," सर म्हणाले. "आंबटात थर टिकतो का, बघत होतो."

"मग, टिकला?"

"अजिबात न्हाय, सायेब!" मीच बोलून गेलो.

माने सरांनी माझी भाकरी राखली. शिवाय पुढं नवा थर चढला, तेव्हा पहिली पट्टी माझ्याच हातात दिली.