चांगली बाजू सांगा

१९ ऑगस्ट. सकाळपासून आभाळ गच्च, वारा बंद, थेंब नाही. शिक्षण कचेरीच्या व्हरांड्यात एकच बाक होता. त्यावर एका खेड्याच्या शाळा समितीचे अध्यक्ष माणिकराव, आणि शेजारी एका तांड्यावरून आलेले धर्मसिंग. धर्मसिंग मघापासून नुसते ऐकत होते.

— तर मी काय म्हणून राहिलो, भाऊ, लेकरांनी हसतमुख राहावं, ह्याला माझी ना न्हाई. पण छत गळून राहिलं तरी हसावं? तुमीच सांगा. न्हाई, राहू द्या, मीच सांगतो. आमचे रत्नपाल सर — माणूस सोन्यासारखा, चार वर्ग आन एकटा जीव — हिंगोलीला शिबिर करून आले, आन आल्या आल्या परिपाठाला जाहीर केलं: आजपासून शाळेत रडगाणं बंद. कुणी काही बी विचारलं, की त्याची चांगली बाजू सांगायची. झालं! पोरांना तर खेळच भेटला. खिचडी करपली — 'सर, आज खरपूस हाय!' हापसा बिघडला — 'सर, दंड मजबूत व्हतील!' वैजनाथचं पोरगं गुडघा फोडून आलं, रगत गळून राहिलं, आन मला म्हणतंय, 'आबा, दुसरा गुडघा एकदम चांगला हाय.' आता ह्याला पट्टी बांधावी का दोन ठेवून द्याव्या? घरी बी तेच. नात माझ्या टकलाकडं बघून म्हणती, 'आबा, तुमाला साबण कमी लागतो.' हसा, हसा. मी बी हसलो व्हतो. तव्हा हसायला काय जातंय!

मग गेल्या महिन्यात मोठे साहेब आले तपासणीला. आमी गावानं आधीच ठरवलं व्हतं, की दुसरा मास्तर लेकरांनीच मागायचा. काहून? तर आमी मागितला की राजकारण, लेकरानं मागितला की खरी तकलीफ — बराबर हाय का न्हाई? साहेब वर्गात गेले. 'बाळांनो, छत गळतं का?' पहिलीपासून चौथीपर्यंत सगळे एका सुरात — 'व्हय सर! बसल्या जागी पाऊस दिसतो!' साहेब खूश. 'आन सर एकच आहेत, अडचण होते का?' तर आमची प्रियंका उठली — तीच नात, साबणवाली, चौथीत हाय — 'न्हाई सर! एकच सर हायत म्हणून आमी एकमेकांना शिकवतो!' भाऊ, साहेबाच्या डोळ्यात पाणी. खोटं सांगत असंन तर जीभ झडो. टाळ्या वाजवल्या, मोबाइलवर शूटिंग केलं, बिस्किटं वाटली. मी दारातून डोळ्यानं खुणा करून राहिलो, की अगं तकलीफ सांग, तकलीफ — तर ती मला बघून अजूनच हसली. तिला वाटलं, आबा शाब्बास म्हणतेत.

बरं, तिचं खोटं बी न्हाई. पहिली-दुसरी तीच सांभाळती. आन काय सांभाळती! गिरवून घेती, नाकं पुसती, भांडणं सोडवती — बी.एड. झालेला मास्तर झक मारील तिच्यापुढं. आमच्या आख्ख्या पहिलीला वाचता येतं. तुमच्याकडं येतं का? न्हाई ना? बघा! आमच्याकडं येतं. मास्तर असो नसो, आमची शाळा काही अडत न्हाई — म्हंजे... अडती. अडती ना, भाऊ. परवा तिच्यापाशी बसलो, म्हणलं, एक भागाकार करून दाखव. पेन्सिल घेऊन बसली, बसली, बसली. न्हाई आला. शिकवतोय कोण तिला? सर तिसरीत गुतलेले, आन ही पहिलीत. मग माझ्याकडं बघून म्हणती — 'आबा, चांगली बाजू म्हंजे, पहिलीला भागाकार नसतोच.' मी उठलो आन त्या बिघडलेल्या हापशावर जाऊन उगंच हापसत बसलो.

म्हणून आलो. तालुक्यात एकच मास्तर जादा हाय म्हणतेत, आन तो कुठं द्यायचा ते आज ठरणार. आमचंच काम व्हईल, मला तर खात्री हाय — हसायला काय झालं? हां, मी बी त्याच पोरांच्या गावचा! — तुमी कशापायी आलात? त्याच मास्तरपायी? मग मघापासून मुकाट काहून बसलात, गडी! किती मास्तर हायत तुमच्याकडं? — एक बी न्हाई? — कुलूपच हाय?



तो शिपाई तुमालाच बोलावून राहिला. जा. जा म्हणतो ना, मी बसलोय. आन हे पाहा, आमच्या पहिलीला वाचता येतं, ते काही आत बोलू नका. बाकी काय बोलायचं ते बोला. उठा, जा!

दुपारी आदेश निघाला. जादा शिक्षक तांड्यावरच्या शाळेला मिळाला. रत्नपाल सरांनी दर मंगळवारी आणि गुरुवारी तालुक्यातल्या इतर शाळांत जाऊन मुलांना चांगली बाजू सांगायला शिकवावं, असंही त्यात होतं. पहिल्या मंगळवारी चारही वर्ग प्रियंकाने घेतले.