चौथ्या गल्लीची जास्तीची वीस मिनिटं

नाय ताई, तसं नसतं — तुमच्या कम्प्युटरला लई कळतं, कबूल. पण पाणी सोडायचं तुमचं हे पहिलं मॉडेल काय म्हणतं? टाकी एक, गल्ल्या पाच, गल्लीला चाळीस मिनिटं — दोन-चार वेळा सोडलं की लोकांची घडी बसती, जेवढं लागतं तेवढंच घेत्यात, अन् मग व्हॉल्व आपोआप उघडणार, आपोआप बंद होणार. बसती व्हय घडी? इथं? तीस वर्षं मी या कॉलनीला पाणी सोडतोय, अजून माझीच बसली नाय. मागच्या मंगळवारी तुमी चाळीस मिनिटांचा कागद केला, सेक्रेटरी आप्पासाहेबांनी तो मोबाइलच्या ग्रुपवर टाकला — झालं. टाइम कळल्याबरोबर सारे मोटरी लावून तयार. दोन हंडे लागणाऱ्यानं पिंप भरलं, कूलर भरला, गाडी धुतली. शेवटच्या घरात नळाला नुसती हवा. हिसाब तुमचा बराबरच होता, ताई, पण तो वाचून माणसं बदलली.

म्हणून म्हणतो, संध्याकाळच्या मीटिंगीत ते दुसरं मॉडेलच सांगा — दर पाच मिनिटाला बघायचं, दिसंल तसं फिरवायचं. मी काय वेगळं करतो? दुसऱ्या गल्लीची लाईट गेली, मोटरी बंद — तिचं पाणी पाचवीला. पहिलीत द्वारकाबाईकडं पाहुणे आले — व्हॉल्वची चावी दोन आटे जास्ती फिरवायची. चौथीत शेवटाला सुगंधाबाई, भावाच्या घरी राहती, मोटर नाय, म्हणून तिथं वीस मिनिटं जास्ती — नाय, तिच्यासाठी कशाला? चढ हाय तिकडं. चढाला पाणी दमानं जातं.

स्क्रीनवर काय दाखवता? ही लाल रेघ कशाची? चौथी गल्ली. बरं. उतार हाय म्हणता तिकडं? ...असंल उतार. तुमी ते यंत्र महिनाभर व्हॉल्वला लावलं, मला वाटलं पाणी मोजतंय, मला मोजतंय हे कुठं ठाव होतं. अन् दुसरं मॉडेल घेतलं तर ही रेघ आप्पासाहेबांना रोज दिसणार? रोज? मग ताई, पहिलंच बरं की. साधं, सुटसुटीत. त्यात चौथीला किती — चाळीस. एक मिनिट जास्ती नाय? म्हणजे तेबी गेलं.

असं नका बघू. सुगंधाबाई माझी बायको हाय. तीन वर्षं झाली भावाकडं गेली. म्हणली, पाण्याच्या वेळेला तुमी व्हॉल्वपाशी, जेवायच्या वेळेला व्हॉल्वपाशी, मी काय भिंतींशी बोलू? बोलायचंच सोडलं तिनं. तिचा हंडा पहिल्या दहा मिनिटात भरतो, मला काय कळत नाय का. पण नळ चालू हाय तवर ती ओट्यावर असती — भांडी विसळती, कढीपत्त्याला पाणी घालती — इथून सरळ दिसती. वरची वीस मिनिटं त्यापायीच, दुसरं काय नाय. ती गेल्यापासून मला लई सुनं वाटतं, ताई. पाणी थांबलं की ती आत जाती, मी व्हॉल्वच्या खड्ड्याचं झाकण लावतो.

अन् परवा काय झालं — मी व्हॉल्व बंद केला, नळ थांबला, अन् ती आत गेलीच नाय. रिकाम्या नळापाशी तशीच उभी, इकडं बघत. मी खाली मान घालून आटेच मोजत बसलो. आता पुढं काय करायचं, तुमच्या कुठल्या मॉडेलात हाय का? नाय ना. मग मिटवा तो कम्प्युटर, उठा झाकणावरून. या चाव्या धरा — आज चौथी तुमीच सोडा, मी तिकडं जाऊन येतो.