रिकाम्या हातानं चालायचं नाय

चालवून चालवून म्हातारीनं पाय घालवला त्याचा.

हे वाक्य दवाखान्याच्या व्हरांड्यातून आलं, कुणी फोनवर बोलत होतं, आवाज कमी न करता. महाडला माझी आजी दाखल होती, मी मुंबईहून येऊन तिच्या खाटेशी बसले होते. शेजारच्या खाटेवर तापानं ग्लानीत असलेले एक आजोबा, उजवा पाय बांधलेला, आणि उशाशी त्यांची बायको, सगुणाबाई. फोनवर होता तो त्यांचा दीर. पाय गुडघ्याखाली कापावा लागेल, नाहीतर विष वर चढेल, संध्याकाळच्या आत काय ते सांगा, असं डॉक्टर नुकतेच सांगून गेले होते. त्यांनी ते दिराला सांगितलं होतं. सगुणाबाई तिथेच उभ्या होत्या. दीर बाहेर गेल्यावर त्या खाली बसल्या आणि थोड्या वेळानं माझ्याशी बोलायला लागल्या. मी फारसं बोलत नाही, मांडीवरच्या वहीत लिहीत असते, म्हणून असेल. त्यांनी सांगितलं ते त्यांच्याच बोलण्यात इथे ठेवते आहे.

ऐकलंस ना बाय, माझा दीर तो. वाईट नाय हो, भावासाठी जीव तुटतो त्याचा, सकाळपासून पाणी पन पिला नाय. पन बोलला ते ऐकलंस तू. चालवून चालवून. आता काय सांगू तुला, चालवलं ते खरं हाय, मीच चालवलं, पन पाय त्याच्यानं नाय गेला.

माझं माहेर पोलादपूरच्या वरल्या अंगाला, महाबळेश्वरला रस्ता जातो ना त्या बाजूला, आणि दिलं मला वरंधच्या वर, डोंगरातल्या वाडीत. म्हंजे हिकडं चढ नि तिकडं पन चढ. झरा खाली, घर वर, नाचणीचं शेत आणखी वर, पाणी डोक्यावर, गवताचा भारा डोक्यावर, लाकडाची मोळी डोक्यावर, पोर पाठीला. चालणं म्हणून काय वेगळं करायचं असतं हे मला ह्या वयापर्यंत ठाऊक नव्हतं, डॉक्टरनं सांगितलं तवा कळलं.

हे मुंबईला. आमच्या वाडीचे सगळेच पुरुष मुंबईला, तिकडं गावाची खोली होती, वाडीनं मिळून घेतलेली, ज्याची त्याची एक ट्रंक नि एक वळकटी, दिवसपाळीवाला उठला की त्याच जागी रातपाळीवाला निजायचा. बायकांना तिथं जागा नाय. हे एका मोठ्या बिल्डिंगीत लिफ्टमन. स्टुलावर बसायचं नि बटण दाबायचं, सगळा जल्म वर गेले नि खाली आले, पन बसून. शिमग्याला यायचे, गणपतीला यायचे, पाव्हण्यागत यायचे, मी पाव्हण्यागत वाढायची, मग एस्टी धरून परत. पोरगी दिली, पोरगा विरारला ऱ्हायला लागला, सगळं असंच झालं बाय. तक्रार नाय माझी, आमच्याकडं सगळ्यांचं तसंच.

मग रिटायर होऊन आले. पोट हे एवढं, ओटीची पायरी चढले की भिंतीला हात लावून उभे ऱ्हायचे. महाडला दाखवलं, साखर निघाली, भरपूर. डॉक्टर बोलले, गोड बंद, भात कमी, नाचणीची भाकरी खा, रात्रीचं लवकर जेवा, जेवल्या जेवल्या आडवं व्हायचं नाय, पाय रोज बघायचे, आणि चालायचं. रोज. पाऊस असो, काय असो. हे घरी येऊन बोलले, भात कमी खायाला मी गावाला आलो काय. मी बोलले, खा मग, आणि जा. तवा भाकरीला हात लावला. बिनसाखरेचा चहा द्यायला लागले तर तोंड वाकडं करायचे, मग मी पन बिनसाखरेचा घ्यायला लागले त्यांच्या समोर बसून. मला आवडला नाय अजून. पन घेते.

चालायचं कसं ते सांगते तुला. तुमच्या तिकडं मुंबईला मानसं हात हलवत बागेत चालतात, मी पोराकडं गेलते तवा बघितलं. आमच्या वाडीत रिकाम्या हातानं कोण चालत नाय. हातात विळा असंल, दोरी असंल, कायतरी असंलच. रिकामा मानूस रस्त्यानं गेला आणि परत आला तर लोक इचारतात, काय झालं, कोण गेलं. पयल्या दिवशी हे रस्त्यानं मारुतीच्या देवळापर्यंत गेले, मी मागं मागं, तर एस्टीच्या शेडमधे बसलेली मानसं बोलली, सगुणा नवऱ्याला चरायला घेऊन चालली, दावं कुठाय गो. सगळे हसले. हे दुसऱ्या दिवशी उठेनात. बोलले, मला लाज वाटते, माझं मला घरात पडू दे.

मग मी काय केलं, एक किटली घासून त्यांच्या हातात दिली. बोलले, धरा, कोण इचारलं तर दूध आणायला चाललो सांगा. आमच्याकडं दूध कुणाचं, म्हैस कवाच विकली. पन किटली हातात आली तशी पाठ ताठ झाली बघ त्यांची. मी आपली विळा घेऊन मागनं. शेडमधे कोण काय बोललं नाय.

चार दिवस रिकामी किटली नेली नि रिकामी आणली. मग खालच्या घरातली बबीआत्या, म्हातारी, एकटीच असते, तिनं हाक मारली, अरे तू देवळाकडं रोज जातोस तर पुढं दुकानातनं माझी चापत्ती आण. आणली. मग बोलली, उद्या तेवढं दूध पोचव मास्तरांकडं, तुझ्याकडं किटली हायच. मग कुणाचा निरोप, कुणाच्या गोळ्या, कुणाच्या पोराचा शाळेचा डबा घरी ऱ्हायला. हे वरंधपर्यंत जायला लागले, सकाळी नि परत चार वाजता, मी सांगावं पन लागेना. लोकं वाट बघायला लागली त्यांची. मला एकदा बोलले, ह्या वाडीत माझं घर हाय पन मला कुत्री पन ओळखत नव्हती, आता कुत्रं भुंकत नाय माझ्यावर.

आणि बोलायला लागले, बाय. घरात कधी बोलले नसतील एवढं रस्त्यात बोलायचे. हे पुढं, मी मागं, आमच्यात बायको पुढं चालत नाय, बरोबरीनं पन नाय. पन देवळाच्या अलीकडं एक वळण हाय, तिथं घर नाय कुणाचं, सागाची नि ऐनाची झाडं नुसती. त्या वळणाला हे थांबायचे. काय बोलायचे नाय, नुसते थांबायचे, चप्पल झाडल्यासारखं करायचे. मी गाठायची, मग तेवढं वळण आम्ही बरोबरीनं चालायचो, कौलं दिसली की मी मागं ऱ्हायची. त्या वळणावर मला लिफ्टचं सांगायचे. बोलले, एवढी वर्षं मानसं माझ्याजवळ उभी ऱ्हायली, वीतभर अंतरावर, पन मला नुसता मजला सांगायची. तिसरा. सातवा. मग मी मान हलवायचो. नाव एकानं नाय इचारलं. मी बोलले, मला पन कुणी नाव घेऊन हाक मारली नाय हिकडं, अमक्याची आई नि तमक्याची वयनी. तर हसले, आणि मग हळूच बोलले, सगुणा. माझंच नाव मला कसंतरी वाटलं ऐकायला.

लिवून घेऊ नको हे. बरं, घे. काय त्यात.

साखर उतरली. डॉक्टर बोलले, बाबा, तुम्ही तर मला काय कामच ठेवलं नाय. लेंगा ढिला झाला, नाडी आवळून आवळून बांधायचे. रोज संध्याकाळी मी पाय बघायची, दिव्याखाली, बोटांच्या फटी पन. पयल्यांदा ओढून घ्यायचे, बायकोनं पाय काय बघायचा बोलायचे, मग सवय झाली, आपणहून पुढं करायचे. पायाला कळत नव्हतं त्यांच्या, चिमटा काढला तरी हं नाय. डॉक्टरनं सांगितलंच होतं, साखरेनं मुंग्या येतात नि मग तेवढं पन ऱ्हात नाय.

तर आता गणपतीच्या आधी. रस्त्याचं काम चाललेलं, खडी पडलेली. ह्यांच्या पायात पावसाळी बूट, पलास्टिकचे. वरंधला जाऊन आले, बबीआत्याच्या गोळ्या आणल्या, ओटीवर बूट काढला तर आतनं खडीचा दगड पडला, सुपारीएवढा, टोकाचा. तेवढी वाट तो दगड टाचेखाली घेऊन चालले हे. काय कळलं नाय. पाय धुतला तर पाणी लाल.

मी बोलले, उद्या महाड. हे बोलले, उद्या मूर्ती आणायची. हळद दाबली, फडकं बांधलं. दुसऱ्या दिवशी मुंबैची सगळी आली, घर भरलं, हा दीर आला, त्याची सून, पोरं. मी दिराला बोलले, भावोजी, ह्यांचा पाय दाखवायला पायजे. तर तो बोलला, वयनी, गणपतीत कोण दवाखान्यात जातो, एवढंसं तर लागलंय. त्याला तरी काय माहीत.

आणि ह्यांना तुला काय सांगू. ह्या वर्षी पयल्यांदा हे पाव्हणे नव्हते. मुंबैची मानसं यायची नि ह्यांना इचारायची, काका, अमक्याचं घर कुठलं, भजनाला कोण कोण येतंय, आणि हे सांगायचे, ह्यांना सगळं ठाऊक. विसर्जनाला पायाला पिशवी बांधली पलास्टिकची, नि पाट घेऊन ओढ्यापर्यंत चालत गेले, सगळ्यांच्या पुढं. मी बोलले, नका जाऊ हो. बोलले, आज नको अडवू. एवढा आनंद होता तोंडावर. मी बघत ऱ्हायले. परत आले तवा अंग तापलेलं.

मग हे असं. टाच काळी पडली, मग वर वर.

आता पोरगा निघालाय विरारवरनं, माणगावला गाड्या अडकल्यात, कवा येतो काय माहीत. फोनवर बोलला, काका, तुम्ही बघा. काका बोलतो, दोन पायांवर आला, दोन पायांवर जाऊ दे, भावाला लंगडा नाय बघवणार मला. आणि हे सकाळी शुद्धीवर होते तवा माझा हात धरून बोलले, पायाला हात लावू देऊ नको, नायतर मी परत स्टुलावर. त्यांच्या मनातनं ते स्टूल गेलं नाय बघ. तर मी त्यांचं ऐकू का काय करू. कापला तर माझ्याशी बोलायचे नायत, मला ठाऊक हाय, भिंतीकडं तोंड करून बसतील, आधीसारखे. नाय कापला तर तेवढं पन नाय.

त्या वळणावर चाललो ना आम्ही, बाय, तेवढाच माझा संसार. बाकीचा सगळा मी एकटीनं केला.

आणि मला कोण इचारीत नाय. कधी कुणी इचारलं नाय, सवय पन नाय मला, आवाज निघत नाय चार पुरुषांत. तुझ्यासारखंच. तू सुखी ऱ्हा बाय, तुझी आजी बरी होऊ दे, घरी ने तिला, सकाळ संध्याकाळ थोडी चालव.

एवढं बोलून त्या थांबल्या, कारण डॉक्टर आत आले होते. मागून दीर, फोन हातात. मुलगा अजून माणगावातच आहे, दीर म्हणाला, तो येईपर्यंत थांबू या. डॉक्टर म्हणाले, थांबता येणार नाही, मी मघाशीच सांगितलंय. दीर म्हणाला, आमच्या घरात मोठा हा माझा भाऊच, त्याला असल्या तापात कसं विचारणार, आणि नको असंच म्हणाला होता तो सकाळी. सगुणाबाई खाटेच्या पायथ्याशी गेल्या. त्यांनी चादर सारखी केली, बांधलेल्या पायावरून एकदा हात फिरवला. पदर डोक्यावर घेतला. मला वाटलं त्या पुन्हा खाली बसतील.

डॉक्टर, त्या म्हणाल्या, आणि आवाज इतका मोठा निघाला की माझी आजीही जागी झाली. कापा तुम्ही. त्यांना चालवायचं कसं ते मी बघते.